उभं ठेवलेलं गवत

प्रिय फागी,

वरचा शब्द तुला वाचून दाखवताना आपली लेक वर्षा हसली असेल तर हसू दे. आश्रमशाळेत गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती आणि मला दुसरी येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे पाड्यावरच्या लोकांची पत्रं मी लिहून दिली, पण तुला लिहायची वेळ कधी आली नाही. तू लांब गेलीसच कुठे? माहेरी गेलीस तरी कोंबड्यांचं निमित्त करून दोन दिवसांत परत. आता भाताच्या लावणीपासून तू नाशिकला वर्षाकडे आहेस आणि वाघबारस तोंडावर आली. टाकीजवळच्या वळणावर उभं राहिलं की फोनला रेंज येते, म्हणून मी रोज संध्याकाळी तिथे जातो. वर्षा फोन तुझ्या कानाला लावायची, मी बोलायचो, आणि तिकडून नुसता तुझा श्वास ऐकू यायचा. लकव्याने जीभ जड झाली म्हणून तुला लाज वाटते, हे मी समजून होतो. श्वास तर श्वास, तेवढ्यावर माझं भागत होतं. आता तू फोन कानालाही लावू देत नाहीस.

वर्षाने कारण सांगितलं. आपल्या शेजारच्या जानीने तुला फोनवर थट्टा केली की फागे, तू आता नाशिकलाच राहा, बारक्याने तुझ्या जागी गवत कापायची मशीन आणली. आणि तू वर्षाला म्हणालीस की मग मी तिकडे जाऊन काय करू, माझं काम तर मशीन करते. हे ऐकल्यापासून मला भाकर गोड लागत नाही. जानीला मी बोललो. तिने कपाळाला हात लावला, म्हणाली, अरे देवा, मी तर तिला हसवायला बोलले. तिचं हसवणं तुला माहीत आहे, आजारी माणसापुढे सुद्धा तिची जीभ थांबत नाही. पण मशीन आली हे खरं आहे, म्हणून तिची सगळी गोष्ट मीच तुला पहिल्यापासून लिहितो. मधेच राग आला तर वर्षाला थांबव, पाणी पी, आणि मग पुढचं ऐक. शेवटपर्यंत ऐक, एवढंच.

त्याआधी मला सांग, तू सकाळची गोळी खाऊन मग चहा घेतेस की आधीच चहा घेतेस? दवाखान्यातल्या बाईने रबरी चेंडू दिला आहे तो दाबतेस का? वर्षाच्या घरच्या फरश्या गुळगुळीत आहेत, मोरीतून येताना पाय पुसून ये, भिंत धरून ये. जावयांना सांगून मोरीपाशी गोणपाट टाकून घे. मला रोज वाटतं की तू घसरलीस. मग मी वळणावर जाऊन फोन करतो आणि वर्षा म्हणते, बाबा, आई बसली आहे, टीव्ही बघते आहे. तू टीव्ही बघतेस हेही मला खरं वाटत नाही. इकडे सगळं ठीक आहे. कबरी गाय व्यायला आली आहे. नाचणीची कणसं भरली, डुकरांनी एक कोपरा खाल्ला, बाकी वाचली. तुझी तांबडी कोंबडी खुडूक बसली होती, तिची पिल्लं निघाली, त्यातलं एक घारीने नेलं. मी तिथेच उभा होतो तरी नेलं.

आता गवताचं. तू लावणीत पडलीस त्या दिवशी तुझ्या उजव्या हातातून रोपांची मूठ सुटली आणि तू ती डाव्या हाताने उचलायला गेलीस, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर दवाखाना, नाशिक, येणंजाणं, यात पावसाळा कसा गेला कळलं नाही. एक दिवस माळावर गेलो तर गवत माझ्या छातीला लागत होतं. शेंडे पिवळे पडायला लागले होते. अजून थोडे दिवस गेले की त्याला कुसळं सुटतात, मग गुरं तोंड लावत नाहीत, हे मी तुला काय सांगणार. भातही त्याच वेळी कापायला आलेलं. पाड्यावर प्रत्येकाची आपापली घाई, कोणाला बोलावणार? मी विळा घेऊन तीन सकाळी गेलो. गुडघा वाकला की परत सरळ होत नाही. तिसऱ्या दिवशी खाली बसलो तो उठायला आंब्याच्या फांदीला धरून उठलो. वळून बघितलं तर कापलेलं गवत एवढंसं, कोंबडीने उकरल्यासारखं. तू असतीस तर तेवढं तंबाखू मळता मळता कापलं असतंस.

तेव्हा संदीप म्हणाला, काका, माझ्याकडे ती मशीन पडली आहे ना. पुंजाभाऊचा हा पोरगा कसा आहे तुला माहीत आहे. जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा वाड्याकडच्या एका बंद पडलेल्या गोठ्यातून त्याने ही मशीनही उचलून आणली होती, आणि ती त्याच्या घरामागे करवंदीच्या जाळीत गंजत होती. तुझ्या शेळ्या तिच्यावर चढून बसायच्या, तीच ती. ट्रॅक्टरच्या मागे जोडायची, म्हणजे उजव्या बाजूला माणसाच्या उंचीएवढा लोखंडी हात जमिनीलगत आडवा होतो. त्या हाताला पुढे टोकदार बोटं आहेत, कंगव्याच्या दातांसारखी. बोटांच्या मधून एक लांब पट्टी सरसर इकडून तिकडे पळते आणि त्या पट्टीवर तिकोनी पाती ठोकलेली. गवत दोन बोटांच्या मधे शिरलं की पातं येऊन त्याला कापणार, असा तिचा हिशोब. मला ती बघूनच भीती वाटली. पाय गेला तर पाय, हात गेला तर हात. म्हणून मी संदीपला पहिल्याच दिवशी सांगितलं की मशीनपाशी कोणी वाकायचं असेल तर ट्रॅक्टर बंद आणि किल्ली माझ्याकडे. किल्ली मी करगोट्याला बांधली. तो म्हणतो, काका, तुमच्या लंगोटीत माझा ट्रॅक्टर अडकला आहे, मला पाणी प्यायला जायचं तरी तुमच्या कमरेला विचारावं लागतं. म्हणू दे.

पहिल्या दिवशी आम्ही उजाडताच गेलो. तू नेहमी उजाडताच जायचीस, दव असलं की गवत मऊ असतं, विळ्याला लागत नाही, हे डोक्यात बसलेलं. मशीनलाही तसंच असेल असं वाटलं. संदीपने ट्रॅक्टर हाकला आणि मी मागून चालत होतो. दहा पावलं गेली नाहीत तर ओलं गवत बोटांमधे गच्च बसलं, पट्टी अडकली आणि मागून असा आवाज आला की कावळे उडाले. काढलं, परत चालवलं, परत अडकलं. मग ऊन चढलं, दव सुकलं, तेव्हा निदान अडकायची थांबली. पण कापेना. गवत मशीनखाली वाकायचं, मशीन पुढे गेली की हळूहळू परत उभं राहायचं. काही तुटलेलं, काही चघळल्यासारखं, बाकीचं तसंच. जानी बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, बारक्या, ही मशीन गवत कापत नाही रे, गवताला पाया पडायला लावते. त्या दिवशी तीही हसली, संदीपही हसला. मी नाही हसलो, कारण माळ तेवढाच्या तेवढा समोर उभा होता.

मला वाटलं पाती बोथट आहेत. म्हणून पट्टी बाहेर काढून घरी आणली, ओट्यावर आडवी ठेवली आणि कानस घेऊन बसलो. एकेक पातं घासलं. बोटं कापून घेतली, ती बरी झाली आहेत, काळजी करू नको. पात्यात तोंड दिसेल इतकं लखलखीत केलं. दुसऱ्या दिवशी लावून बघितलं तर तीच गत. मग संदीपने बघितलं की दोन बोटं दगड लागून वाकली आहेत. ती हातोड्याने सरळ केली. थोडा फरक पडला, तेवढ्या जागेपुरता. मग तो म्हणाला, जोरात हाकून बघू, आणि चौथा गिअर टाकून असा निघाला की लोखंडी हात उड्या मारायला लागला आणि मागे गवताचा एक पट्टा कापलेला, एक उभा, जशी लहानपणी वर्षाची हजामत तू केली होतीस उवा झाल्या तेव्हा. वर्षा, रागावू नको, तुला आठवत नसेल, पण तू तशीच दिसत होतीस.

असे किती दिवस गेले ते सांगत नाही. संदीपला भाताची कामं होती, तो कंटाळला. म्हणाला, काका, भंगार ते भंगारच, मी परत जाळीत टाकून येतो. मी म्हटलं, अजून एक दिवस. आता तुला खरं सांगतो, फागी, ते वाक्य बोलताना माझ्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, मशीन चालली नाही तर गुरांना उन्हाळ्यात काय घालणार, फाल्गुनात तर डोंगरावर पाला पण राहत नाही. दुसरा म्हणत होता, नाही चालली तर बरंच आहे. चालली तर फागीला काय वाटेल? तोवर जानीने तुला ती थट्टा केलीही नव्हती, तरी मला तेच वाटत होतं. तू या माळावर नवी नवरी म्हणून आलीस ती विळा कमरेला खोचूनच आलीस. तुझ्या ओळीचं गवत असं एका उंचीने कापलेलं असायचं की लोक वाटेवरून ओळखायचे, इथपर्यंत फागीचं, इथून पुढे बारक्याचं. मशीनने सगळंच एका उंचीचं करून टाकलं तर तुझी ओळ कुठली ते कोण ओळखणार?

त्या दुपारी संदीप जेवायला गेला आणि मी एकटाच मशीनपाशी बसलो. किल्ली करगोट्याला होती. मी एक गवताची काडी घेतली, मशीनच्या दोन बोटांच्या मधे उभी धरली आणि मशीनचं मागचं चाक हाताने फिरवून पट्टी हळू सरकवली. पातं आलं, काडीला लागलं, आणि काडी कापली गेली नाही. ती वाकून पात्याच्या खाली शिरली आणि तिथेच दुमडून पडली. परत दुसरी काडी घातली. परत तेच. पातं धारेचं होतं, माझंच बोट त्याने कापलं होतं, तरी काडी सुटून जात होती. मग मला तुझा आवाज ऐकू आला. खरंच ऐकू आला असं नाही, पण आठवला, आणि जीभ जड व्हायच्या आधीचा आठवला.

तुला लक्षात आहे का बघ. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपण दोघं याच माळावर होतो. मला तुझ्यापुढे शेखी मिरवायची होती, म्हणून मी विळा सपासप मारत होतो आणि निम्मं गवत वाकून तसंच राहत होतं. तू तुझी ओळ संपवून मागे वळून बघितलंस. मला वाटलं हसशील. तू आलीस, माझ्या हातातला विळा काढून खाली ठेवलास, माझा डावा हात धरलास आणि गवतात बुडाशी घातलास. म्हणालीस, येड्या, विळ्याने काय कापतोस, या हाताने काप. आधी गच्च धर. मूठ थोडी पिळ, अंगाकडे ओढ, गवत ताठ झालं की मग नुसता विळा लाव. धरलेलं नसेल तर धार काय करणार? तेव्हा माझं लक्ष गवताकडे नव्हतं. तू पहिल्यांदाच दिवसाउजेडी, उघड्यावर माझा हात धरला होतास, एवढंच मला कळलं होतं. वर्षा, हे वाचून झालं असेल तर खाली बघून पुढचं वाच.

तर मशीनपाशी बसल्या बसल्या मला ते आठवलं आणि मी उठून आधी माझीच मूठ बघितली. मग मशीनचा धरणारा हात कुठे आहे ते शोधायला लागलो. पात्याच्या वरच्या अंगाला छोट्या छोट्या लोखंडी पट्ट्या आहेत, त्या पात्याला वरून दाबून खालच्या बोटावर बसवतात. त्या सगळ्या झिजून वर उचलल्या गेल्या होत्या. पातं आणि बोट यांच्या मधे फट पडली होती, ढिल्या झालेल्या कात्रीसारखी. बोट गवताला धरणार, पातं त्याच्या अंगाला लागून जाणार, तर कापणार. इथे धरायलाच कोणी नव्हतं, आणि मी इतके दिवस कानस घेऊन धार लावत बसलो होतो. संदीप आला तेव्हा मी त्याला काडी घालून दाखवलं. तो म्हणाला, काका, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुझ्या काकूने. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू म्हाताऱ्याला ऊन लागलं.

मग आम्ही एकेक पट्टी हातोड्याने हळूहळू खाली बसवली. फार दाबली तर पातं सरकत नाही, कमी दाबली तर फट राहते. जिथे नुसत्या ठोकण्याने जमेना तिथे डब्याचा पत्रा कापून मधे घातला. प्रत्येक ठिकाणी काडी घालून, पट्टी हाताने सरकवून बघितली. कट असा आवाज आला की पुढच्या बोटाकडे. दुसऱ्या दिवशी दव सुकेपर्यंत मी संदीपला बसवून ठेवला. माळावरचे सुटे दगड वेचले, वारुळांपाशी पळसाच्या फांद्या रोवल्या म्हणजे त्याला लांबून दिसतील. त्याला सांगितलं, बैलगाडीच्या चालीने चल, घाई केलीस तर किल्ली काढून घेईन. आणि फागी, गवत पडलं. वाकलं नाही, पडलं. मशीनच्या मागे ते एका अंगावर असं आडवं होत गेलं, जसं तू मूठ खाली ठेवतेस, शेंडे सगळे एकीकडे. संदीप मागे बघून बघून चालवत होता, त्याचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्याच गोठ्यात गाय व्याली. बांधावर जानी उभी राहून बघत होती. तिने मग फोन करून तुला ती थट्टा केली ती त्याच संध्याकाळी.

माझं सांगतो. मी खूश झालो, नाही असं नाही. पण मशीन माळ कापत कापत वरच्या अंगाला गेली, वाघोबाच्या दगडाकडे, आणि मी धावत जाऊन तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो. संदीप घाबरला, त्याने ट्रॅक्टर बंद केला, म्हणाला, काका, मरायचं आहे का? मी म्हटलं, इथलं नाही कापायचं. तो म्हणाला, एवढ्याशाने काय होतं, एका फेरीत निघेल. त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी ती रीत नाही, माझ्या आईने आपल्या घरी घातली आहे. वाघबारशीला पहिली पेंढी वाघोबाच्या दगडापाशी ठेवायची, ती घरच्या बाईच्या हातची हवी, आणि ती ठेवल्याशिवाय गोठ्यात नवं गवत टाकायचं नाही. आईनंतर ती पेंढी तूच कापत आलीस. वर्षा पोटात होती तेव्हा सुद्धा तू वर चढून गेली होतीस आणि मी मागून पडशील, पडशील असं ओरडत गेलो होतो.

म्हणून दगडाभोवतीचं तेवढं गवत मी उभं ठेवलं आहे. बाकी माळ मोकळा झाला. गवत वाळलं, पेंढ्या बांधल्या, अंगणाच्या कडेला गंजी रचली. कबरी गाय दिवसभर गंजीकडे बघते आणि मी तिला मागच्या वर्षीचा पेंढा घालतो. ती हुंगते आणि माझ्याकडे बघते. संदीप म्हणतो, काका, वर्षा येईल तिच्याकडून कापून घ्या, नाहीतर जानीकाकूकडून घ्या. जानी तर स्वतःहूनच आली, तिला त्या थट्टेचं मनाला लागलं आहे. मी तिला म्हटलं, पेंढीचं राहू दे, आधी मला एक करून बघायचं आहे. दगडापासून लांब, बांधाच्या कडेला थोडं गवत राहिलं होतं, तिथे मी तिला म्हटलं, तू नुसतं धर, मी विळा लावतो. ती म्हणाली, हे कसलं खूळ, मला दोन हात आहेत की. मी म्हटलं, धर तर खरं. तिने डाव्या हाताने धरलं, मी उजव्या हाताने विळा लावला. पहिल्यांदा माझा विळा तिच्या बांगडीला लागला, दुसऱ्यांदा ती आधीच उठली. मग जमलं, पण जानी सैल धरते. तिला मूठ पिळायची सवय नाही, गवत निसटतं. तरी एक पेंढी झाली. ती बघून जानीच्या ध्यानात आलं की मी हे का करतो आहे. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, म्हातारपणी नवरा-बायको एका विळ्यावर, बघायला सगळा पाडा येईल. मी म्हटलं, येऊ दे.

फागी, हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. पोस्टात हरवतं अशी मला भीती वाटते, आणि मला उत्तर पत्राने नको आहे. हे घेऊन संदीप तुला घरी आणायला आला आहे. तो तुझ्यासमोर बसला असेल आणि खाली रस्त्यावर मोखाड्याची जीप उभी असेल. त्याला मी बजावलं आहे की मधे बोलायचं नाही, घाई करायची नाही, आणि काकू नको म्हणाली तर चहा पिऊन मुकाट्याने परत यायचं. तू नको म्हणालीस तर मी रागावणार नाही, गवत तसंच उभं राहील. पण तू म्हणतेस की माझं काम मशीन करते, ते खरं नाही. मशीनला मीच शिकवलं, आणि मला जे तू शिकवलंस तेच शिकवलं. तुझा विळ्याचा हात गेला आहे, त्याची मला रोज आठवण येते, मी तुला खोटं सांगणार नाही की तो परत येईल. दवाखान्यातली बाई काय म्हणते ते वर्षाने मला सांगितलं आहे आणि मला वाटतं तुलाही कळलं आहे. पण तुझा धरणारा हात तसाच्या तसा आहे. दवाखान्यात त्या हाताने तू माझं मनगट धरलं होतंस, ते दोन दिवस दुखत होतं. वाघोबाला मी विचारून बघितलं की अर्धी पेंढी तिची आणि अर्धी माझी चालेल का. तो काही बोलला नाही, तुझ्यासारखाच. नाही म्हणाला नाही, एवढं मी धरून चाललो आहे. वाटेत गाडी लागली तर थांबवायला सांग, अंगावर शाल घे, आणि उतरलीस की दारापर्यंतचा चढ एकटी चढू नको, मी खाली येऊन उभा आहे. वर दगडापाशी मात्र आपण दोघंच जाऊ. तू धर. मी कापतो.

तुझाच,
बारक्या

ता. क. वर्षा, गोळ्यांची पिशवी आणि तो रबरी चेंडू संदीपजवळ दे, आईजवळ नको, ती जीपमध्ये विसरेल. आणि तिची काठी.